आईच्या फुप्फुसाची बायोप्सी करावी का?

प्रश्न : आईचं वय 66. वर्षभर कोरडा खोकला आहे, जिना चढताना धाप लागते. एचआरसीटीमध्ये दोन्ही फुप्फुसांत फायब्रोसिस दिसला. आता डॉक्टर शस्त्रक्रिया करून तुकडा तपासायला सांगतात. नाही केली तर उपचार चुकतील आणि केली तर आईच्या जिवाला धोका, अशी भीती वाटते. काय करावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. अमेरिकेतल्या 2000 ते 2011 या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा आधी ठरवून केलेल्या बायोप्सीनंतर रुग्णालयातच दगावलेल्यांचं प्रमाण 1.7 टक्के निघालं. तब्येत ढासळून दाखल झालेल्यांची तातडीने केली, तिथे ते 16 टक्के होतं. म्हणजे रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे, यावर धोका ठरतो. वय, हृदयाचा आजार, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला वाढलेला दाब, आधीच लागणारा ऑक्सिजन, या सगळ्याने तो वाढतो. डीएलसीओ ही श्वासाची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. तो आकडा फार खाली असेल तर मी तरी या शस्त्रक्रियेच्या वाटेला जाऊ देणार नाही.

पूर्ण भूल देऊन बरगड्यांमधल्या छोट्या छिद्रांतून दुर्बीण घालतात आणि फुप्फुसाच्या दोन-तीन ठिकाणचे तुकडे घेतात. नंतर छातीत नळी असते. हवा गळत राहणं, जंतुसंसर्ग आणि काहींना महिनोन्‌महिने छेदाजवळ दुखणं, हे त्रास होऊ शकतात. सगळ्यात वाईट म्हणजे मूळ आजारच अचानक उसळतो. जीव जातो तो बहुधा त्याने.

मग डॉक्टर सुचवतात कशासाठी? फायब्रोसिसच्या आयपीएफ या, कारण न सापडणाऱ्या प्रकारात प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन ही तीन औषधं मिळून देण्याची पूर्वी पद्धत होती. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती घेणाऱ्यांमध्येच मृत्यू जास्त झाले. श्वासातून जाणाऱ्या बुरशीच्या किंवा पक्ष्यांच्या कणांनी फुप्फुसाला सूज आणणाऱ्या हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये मात्र स्टिरॉइडचा अनेकांना उपयोग होतो. हे दोन आजार स्कॅनवर सारखे दिसू शकतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला मारक ठरू शकतं. निदान अडलेलं असेल तर बायोप्सीचं मोल इथे आहे.

पण ते खरंच अडलंय का? स्कॅनमध्ये मधाच्या पोळ्यासारखी ठरावीक रचना दिसत असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर आयपीएफसाठी बायोप्सी करू नये, असं 2018 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फुप्फुसांच्या अशा आजारांच्या भारतातल्या 1084 रुग्णांची नोंदवही 2017 साली प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ निम्म्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता. बायोप्सी फार थोड्यांची झाली होती. तेव्हा कूलर, ओल, बुरशी, गॅलरीतली कबुतरं यांची चौकशी नीट झाली का? संधिवात, स्क्लेरोडर्माच्या रक्ततपासण्या झाल्या का? श्वासनळीत दुर्बीण घालून फुप्फुस धुऊन पेशी पाहिल्या का? कबुतरं असतील तर जाळी आजच बसवा, त्यासाठी कोणत्याही रिपोर्टची वाट पाहू नका.

दुर्बिणीतूनच गोठवून तुकडा काढण्याची क्रायोबायोप्सीही आहे. 2022 पासून अनुभवी केंद्रांत ती पर्याय म्हणून मान्य आहे. धोका कमी, पण तुकडाही लहान. आणि रक्तस्राव किंवा फुप्फुसाभोवती हवा भरण्याची शक्यता उरतेच. शिवाय 2019 च्या एका मोठ्या चाचणीत निन्टेडॅनिब या औषधाने आयपीएफखेरीज इतर वाढत्या फायब्रोसिसचाही वेग मंदावला. त्यामुळे नेमकं नाव कळलं नाही तरी हात बांधलेले राहत नाहीत.

डॉक्टरांना सरळ विचारा : रिपोर्ट असा आला तर काय द्याल, तसा आला तर काय द्याल? दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर आईला टेबलावर घेण्यात अर्थ नाही. उत्तरं वेगळी असतील, तर छातीरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून स्कॅन पाहिल्याशिवाय तारीख घेऊ नका. एवढं सगळं करूनही काही तुकड्यांतून ठाम निदान होत नाही, हेही आईला आधीच सांगा आणि तिला काय वाटतं ते विचारा. तुमच्या पत्रात ते कुठेच आलेलं नाही.