तोल

मुलांनो, एक साधा प्रयोग करून पाहा. कोणाला तरी शेजारी उभे करा आणि एका पायावर उभे राहा. आता डोळे मिटा. थोड्याच वेळात अंग झुलू लागेल आणि उचललेला पाय जमिनीला टेकेल. शरीराचा भार तोच असताना असे का व्हावे?

आपला तोल तीन पहारेकरी सांभाळतात. भोवतालच्या भिंती व झाडे पाहून, आपण कोणीकडे कललो आहोत, हे डोळे मेंदूला कळवतात. कानाच्या आतील भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या मस्तकाची हालचाल ओळखतात. शरीराचा भार कोठे पडला आहे, हे तळपाय, सांधे व स्नायू सांगतात. हे निरोप जुळवून मेंदू स्नायूंना आज्ञा देतो.

ज्याची दृष्टी जाते, त्याचा पहिला पहारेकरी हरपतो. पुढे काय आहे हे न कळल्यामुळे तो पाय घासत, बिचकत चालतो. अडखळण्याच्या भयाने शरीर ताठरते. जन्मांध बालकास तर इतरांचे उभे राहणे पाहून शिकताच येत नाही. त्यामुळे पुष्कळदा त्याची मान खाली झुकते. अशा बालकाला मायेपोटी एकाच जागी बसवून ठेवले, तर उरलेले पहारेकरीही दुबळे होतात.

सरावाने मात्र ते तरबेज होतात. १९४४ च्या सुमारास रिचर्ड हूवर यांनी युद्धात अंध झालेल्या अमेरिकन सैनिकांना लांब, हलकी काठी वापरण्यास शिकवले. डावे पाऊल पुढे पडताना काठीचे टोक उजवीकडे जाते. पुढच्या पावलाची जागा अशी आधीच तपासली जाते. भय सरले, की मान वर होते. महाराष्ट्रातील अंध मुली तर मल्लखांबाची आसनेही करतात!

म्हणून अंध व्यक्तीस कधी ओढू नका किंवा ढकलू नका. अचानक ओढल्याने तिचा तोल जातो. आधी विचारा, तिची इच्छा असल्यास आपला कोपर तिच्या हाती द्या आणि अर्धे पाऊल पुढे चाला. तुमच्या चालीवरून तिला वाट कळेल. आपला तोल ती स्वतःच सांभाळील.

स्वाध्याय
१. तोल सांभाळणारे तीन पहारेकरी कोणते?
२. कारण सांगा : अंध बालकास एकाच जागी बसवून ठेवू नये.
३. वाक्यांत उपयोग करा : बिचकणे, तरबेज होणे.