मसुदा ते संविधान : दोन पाठ कसे ताडून पाहावेत

भारतीय संविधान आपण बहुधा अंतिम पाठावरूनच वाचतो. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये सादर केलेला मसुदा शेजारी ठेवला, तर शब्दांमागील विचार उलगडू लागतो. मसुद्यात ३१५ अनुच्छेद होते; २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेल्या संविधानात ते ३९५ झाले.

तुलना करताना केवळ क्रमांकावर विसंबू नये, आशय शोधावा. बदल मुख्यतः तीन प्रकारचे आढळतात.

पहिला, स्थानांतर. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद मसुद्यात ११ वा होता, संविधानात तो १७ वा आहे. क्रमांक बदलला, आशय अढळ राहिला.

दुसरा, विभाजन. मसुद्याच्या १५ व्या अनुच्छेदात जीवित, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्यापुढील समानता एकत्र होती. संविधानात समानता १४ व्या, तर जीवित व स्वातंत्र्य २१ व्या अनुच्छेदात आहे. संविधानाचा १५ वा अनुच्छेद मात्र भेदभावाच्या मनाईचा आहे.

तिसरा, भर. जानेवारी १९४७ च्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा उल्लेख नव्हता. मसुदा समितीने तो उद्देशिकेत घातला.

कायद्यात पुढे कोणतीही दुरुस्ती येवो, आपण हेच विचारावे : काय हलले, काय विभागले, काय वाढले? आणि सर्वांत आधी, काय गळाले? कारण गळालेला शब्द नव्या पाठात दिसत नाही. तो जुन्या पाठातच सापडतो. हक्कांची राखण अशा सावध वाचनापासून सुरू होते, असे आम्हांस वाटते.