कसोटी घेणाऱ्या यंत्राची कसोटी

पुलाच्या किंवा इमारतीच्या बांधकामावर काँक्रीटचे १५ सेंटिमीटर बाजूचे घन ठोकळे पाडून ठेवलेले तुम्ही पाहिले आहेत काय? हे ठोकळे पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. ठोकळा किती भार सोसून फुटला, यावरून काँक्रीटची ताकद कळते.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली सुरू झाले. पुढे चिकलठाणा, वाळूज येथे कारखाने वाढले. काँक्रीट दाबणारी, पोलादी सळया ताणणारी अवजड यंत्रे अशा महाविद्यालयांना आणि कारखान्यांना लागतात. त्यांपैकी पुष्कळ यंत्रे तेलाच्या दाबावर चालतात. येथे तुमचा पास्कलचा नियम कामाला येतो. पंप तेलावर दाब देतो आणि रुंद दट्ट्यावर त्याचे प्रचंड बल होते. कित्येक यंत्रांत तेलाच्या या दाबावरूनच भार मोजला जातो.

पिठाची गिरणी बिघडली की बंद पडते. बिघाड लगेच कळतो. परीक्षण यंत्र मात्र बिघडूनही चालत राहते आणि चुकीचा आकडा दाखवते. खरा धोका येथेच आहे.

एक उदाहरण पाहू. ठोकळ्याच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. यंत्राने ४५० किलोन्यूटन भार दाखवला, तर ताकद दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ठरते. पण तेलात कचरा साचून दट्ट्या घासू लागला असेल आणि ४५ किलोन्यूटन बल त्या घर्षणातच खर्ची पडत असेल तर? ठोकळ्यावर पोचले ४०५ किलोन्यूटन. म्हणजे खरी ताकद १८ न्यूटनच! कच्चे काँक्रीट पास झाले. उलट, दाबपट्टीवर आधीच्या ठोकळ्याची खडी राहिली, तर भार एका जागी एकवटतो, ठोकळा लवकर फुटतो आणि चांगले काँक्रीट नापास होते.

म्हणून बिघाडाची वाट न पाहता यंत्राची निगा राखावी लागते. प्रत्येक चाचणीनंतर दाबपट्ट्या पुसायच्या. सळई पकडणाऱ्या जबड्यांचे दाते तारेच्या ब्रशने साफ करायचे. दाते झिजले की सळई निसटते. तेलाची पातळी पाहायची, ठरल्या वेळी तेल व गाळणी बदलायची. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो, तेल पातळ होते आणि झिजलेल्या सीलमधून झिरपू लागते. तेव्हा जास्त लक्ष हवे. केलेले प्रत्येक काम वहीत तारखेसह नोंदवायचे.

एवढे करूनही यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही! साधारणपणे वर्षातून एकदा त्याचीच परीक्षा घेतात. यंत्रात पोलादाचे प्रमाणित कडे ठेवून भार देतात. किती भाराला कडे किती दबते हे आधीच ठाऊक असते. त्याच्याशी यंत्राचा आकडा ताडून पाहतात. सामान्यतः एक टक्क्यापर्यंतचाच फरक चालतो.

हे तुम्हीही करून पाहा. शाळेतील ताणकाट्याला १०० ते ५०० ग्रॅम वजने चढत्या क्रमाने लावा, मग एकेक काढत या. प्रत्येक वेळी आकडा लिहा. चढताना आणि उतरताना एकाच वजनाला वेगळे आकडे आले, तर काटा कोठे घासतो आहे ते शोधा. तो साफ करा आणि पुन्हा मोजा.