ट्राउटच्या पाण्यातले कायदे

(कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली भाची आणि मत्स्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेला तिचा मामा यांच्यातला हा संवाद.)

भाची: मामा, पहलगामला लिद्दर नदीच्या काठी एका माणसाचा मासेमारीचा परवाना बघितला. त्यावर त्याचं नाव, तारीख आणि नदीचा नेमका कोणता तुकडा, सगळं लिहिलेलं. दिवसाला सहा ट्राउट, सातवा नाही. शिवाय खात्याचा राखणदार लक्ष ठेवून. गळ टाकून बसायला एवढे नियम कशाला?

मामा: ही पद्धत आजची नाही गं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मीर दरबाराने ट्राउटसाठी जी व्यवस्था बसवली, तिचाच हा सांगाडा आहे. नदीचे साधारण दोन-दोन किलोमीटरचे तुकडे पाडायचे. त्यांना बीट म्हणतात. एका बीटवर एका दिवशी मोजक्याच गळांना परवानगी. हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. गळाला गांडूळ, पिठाची गोळी असलं काही लावायचं नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची. ठरलेल्या लांबीपेक्षा लहान मासा लागला, तर तो परत पाण्यात सोडायचा.

भाची: खोट्या माशीचाच आग्रह का? ती साहेबी ऐट झाली.

मामा: ऐट होतीच. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या जमीनदारवर्गाचा तो खेळ, आणि खेळ म्हटला की त्याची रीत आली. पण या रीतीत मत्स्यशास्त्रही आहे. खरं आमिष मासा गिळतो, त्यामुळे आकडा घशात नाहीतर पोटात रुततो. असा मासा लहान म्हणून सोडून दिला, तरी बरेचदा मरतो. खोट्या माशीचा आकडा बहुतेक वेळा ओठाला किंवा जबड्याला लागतो आणि सहज सोडवता येतो. म्हणजे लहान मासा सोडा, हा नियम खरोखर पाळायचा असेल, तर आमिषावर बंदी घालावीच लागते. एक नियम दुसऱ्याच्या आधारावर उभा आहे.

भाची: आणि सप्टेंबरनंतर बंदी? तेव्हा बर्फ पडतो म्हणून?

मामा: बर्फाचं कारण नाही. ब्राउन ट्राउट ऑक्टोबरपासून पुढे ऐन थंडीत अंडी घालतो. मादी नदीच्या तळाशी आडवी होऊन शेपटीचे फटकारे मारते आणि खड्यांमध्ये खळगा करते. त्यात अंडी घालते, नर ती फलित करतो. मग ती जरा वरच्या अंगाला सरकून तिथले खडे उडवते, ते वाहत येऊन अंड्यांवर बसतात. आता या खड्यांच्या फटींतून गार, प्राणवायूने भरलेलं पाणी खेळत राहिलं, तरच अंडी जगतात. वरून मातीचा गाळ आला की फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. कुणी त्या जागेवरून नुसतं चालत गेलं तरी खळगा मोडतो. म्हणून त्या महिन्यांत नदीला हातच लावायचा नाही.

भाची: हे पटलं. पण ट्राउट आपल्याकडचा नाही ना?

मामा: नाही. हिमालयातही नव्हता, निलगिरीतही नव्हता. काश्मीरमध्ये तो आणण्यात फ्रँक मिचेल या गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या स्कॉटिश माणसाचा पुढाकार होता. बेडफर्डच्या ड्यूकने अंडी पाठवली. १८९९ची पहिली खेप वाटेतच नासली. १९००मध्ये स्कॉटलंडहून दुसरी आली, ती तगली. महाराजा प्रतापसिंह तेव्हा गादीवर होते. लगेच १९०३मध्ये, संवत १९६०मध्ये, संस्थानाचा मत्स्य कायदा झाला. पुढे १९०९मध्ये कुलूचे असिस्टंट कमिशनर हॉवेल यांनी काश्मीरमधून अंडी नेऊन बियास नदीच्या खोऱ्यात महिली इथे उबवणी केंद्र काढलं. पाठोपाठ १९१४चा पंजाब मत्स्य कायदा आला. परवान्याशिवाय मासेमारी बंद करायची, पकडण्याजोग्या माशाची किमान लांबी ठरवायची, हे अधिकार त्याने सरकारला दिले.

भाची: म्हणजे आधी मासा, मग कायदा.

मामा: निलगिरीत उलटं झालं. उटीला १८७७मध्ये शिकारी साहेब लोकांनी निलगिरी गेम असोसिएशन स्थापन केली आणि दोनच वर्षांत, १८७९मध्ये, मद्रास सरकारने शिकारीचे प्राणी आणि बाहेरून आणून रुजवलेले मासे यांच्या रक्षणाचा कायदा केला. तेव्हा उटीच्या तळ्यात टेंच, कार्प असले विलायती मासे सोडले होते, पण ट्राउट कुठे होता? फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरने १८६०च्या दशकात तो आणायचा खटाटोप केला होता, तो फसला. मद्रास सरकारने पुढे एच. सी. विल्सन या तज्ज्ञाला नेमलं, १९०७मध्ये अव्हलांच इथे उबवणी केंद्र उभं राहिलं, आणि त्यानंतर कुठे रेनबो ट्राउट तिथल्या ओढ्यांत रुजला. पाहुणा यायच्या तीस वर्षं आधी त्याची खोली तयार होती!

भाची: आणि घरातल्या माणसांचं काय?

मामा: तोच खरा प्रश्न आहे. तू १८९७चा भारतीय मत्स्य कायदा वाचलास का?

भाची: वाचला. छोटासाच आहे, जेमतेम सात कलमं. कलम ४ म्हणतं, पाण्यात सुरुंगाची दारू फोडून मासे मारायचे नाहीत. कलम ५ म्हणतं, विष घालायचं नाही. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. त्या काळी २०० रुपये म्हणजे गरिबाचं घर बसलं. कलम ७मध्ये वॉरंटशिवाय अटक. पण मला खटकलं ते कलम ६. निवडक पाण्यांसाठी प्रांतिक सरकारने नियम करावेत असं ते म्हणतं. नियम कशाबद्दल? जमिनीत रोवलेली जाळी, पिंजरे, सापळे. ओढ्याला घातलेले बांध. जाळ्यांचे प्रकार आणि त्यांच्या भोकांचा आकार. आणि एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत पूर्ण बंदी. या यादीत गळाची काठी नाही.

मामा: बरोबर हेरलंस. पोटासाठी मासे मारणाऱ्यांची सगळी हत्यारं त्या यादीत आली आणि हौसेसाठी मासे मारणाऱ्याचं हत्यार बाहेर राहिलं. काश्मीरमधले हांजी मच्छीमार जाळ्यावर जगायचे. ट्राउटच्या नदीत जाळं हा गुन्हा झाला आणि परवाना काढून खोटी माशी फेकणं हा सन्मान झाला. परवान्याची फी आणि ती काठी दोन्ही हांजीच्या आवाक्याबाहेरची. नदी तीच, काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं तीच. एका नियमाने ती चोर ठरली. हा अन्याय होता, आणि तो अन्यायच म्हणायला हवा.

भाची: मग हे कायदे मुळात साहेबांच्या करमणुकीसाठीच होते असं म्हणू या का?

मामा: इतक्या झटपट नको. ज्या फ्रान्सिस डेचं नाव घेतलं, त्याने १८७३मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर सरकारला अहवाल दिला. बारीक भोकांच्या जाळ्यांनी पिल्लं उचलली जातात, बंधाऱ्यांखाली अडलेले मासे सरसकट मारले जातात, हे त्याने जागोजागची माहिती गोळा करून मांडलं. त्याला चिंता होती ती लोकांच्या खाण्यातल्या माशांची. तो अहवाल आणि १८९७चा कायदा यांच्यामध्ये चोवीस वर्षं गेली. शिवाय सुरुंगाच्या दारूवरची बंदी हवीच होती. एका स्फोटात डोहातलं लहानमोठं सगळं मरतं. बरेच मासे तर तळाशी जातात, मारणाऱ्याच्याही हाती लागत नाहीत. ते कलम आजही तितकंच योग्य आहे.

भाची: म्हणजे माशाच्या भल्याचा भाग आणि साहेबाच्या भल्याचा भाग वेगळा काढता येतो?

मामा: काढता येतो, पण मासा कोणता, हे विचारल्याशिवाय नाही. हिमालयाच्या गार नद्यांत आपला मूळचा मासा आहे, असेला. त्याच्या अनेक जाती आहेत, इंग्रजांनी त्यांना स्नो ट्राउट म्हटलं. ट्राउटच्या कुळाशी त्यांचं नातं नाही, आपल्या रोहू-महसीरच्या कुळातले ते. यांतल्या बऱ्याच जाती वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत अंडी घालतात. आता बंदीचे महिने आठव.

भाची: ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे एप्रिलमध्ये नदी खुली होते, तेव्हा असेल्याची विणीची वेळ!

मामा: हो. नदीचं सगळं वेळापत्रक पाहुण्या माशाच्या विणीवर बसवलं. ज्याची नदी, त्याच्या विणीच्या वेळी काठावर माणसं उभी. त्यात ब्राउन ट्राउट हा शिकारी मासा, दुसऱ्यांची पिल्लं खातो. असेल्याची एक प्रमुख जात आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत धोक्याच्या वर्गात आहे, आणि कारणांत अतिमासेमारीबरोबर परक्या माशांचंही नाव आहे. त्याच संघाने जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या १०० जातींची यादी केली आहे. त्यात ब्राउन आणि रेनबो, दोन्ही ट्राउट आहेत. टास्मानिया आणि न्यूझीलंडमध्येही हेच घडलं. न्यूझीलंडमध्ये सॅमन आणि ट्राउटसाठी १८६७मध्येच खास कायदा झाला, आणि दोन्हीकडचे गॅलॅक्सिड नावाचे छोटे मूळ मासे मागे हटत गेले.

भाची: मग आता ट्राउट काढून टाकायचा का?

मामा: सव्वाशे वर्षं रुजलेला मासा अख्ख्या खोऱ्यातून उपटता येत नाही. आणि काश्मीर, हिमाचलमध्ये आज ट्राउटच्या शेतीवर कितीतरी घरं चालतात. ती तळी, तो बाजार राहू दे. पण ज्या ओढ्यांत तो अजून पोचला नाही, तिथे त्याची पिल्लं सोडणं थांबवायला हवं, आणि असेल्याच्या विणीच्या महिन्यांत काही पाणी तरी पूर्ण बंद ठेवायला हवं. परवाना, राखणदार, मोजून मासे, ठरलेली लांबी, ही यंत्रणा तयारच आहे. ती फक्त योग्य माशाच्या बाजूने वळवायची.

भाची: एक गोष्ट मात्र साहेबांच्या नियमांची मान्य करते. फी घेतली, म्हणून राखणदार नेमता आला. राखणदार होता, म्हणून नियम कागदावरून पाण्यापर्यंत पोचला.

मामा: अगदी. राखणदाराशिवाय नियम म्हणजे नुसता फलक. ज्या नद्यांत ट्राउट होता तिथे स्फोट कमी झाले, काठ राखले गेले. हे श्रेय द्यायलाच हवं. ती राखण काठावरच्या लोकांना बरोबर घेऊन झाली असती, तर आणखी टिकली असती.

भाची: आपल्याकडे महाराष्ट्रात ट्राउट कधी आणला नाही?

मामा: आपलं पाणी त्याला सोसणार नाही. पाणी २० अंशांच्या वर जाऊन राहिलं की ट्राउटची तगमग सुरू होते. सह्याद्रीतल्या ओढ्यांचं उन्हाळ्यात काय होतं ते तू पाहतेस. पण सरकारी परवान्याविना मासे राखण्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. महाडजवळची वाळण कोंड घे. देवीचे मासे म्हणून तिथल्या महसीरला कुणी हात लावत नाही. वाड्याजवळ तिळश्याला वैतरणेच्या डोहातही तेच. तिथे कलम नाही, दंड नाही, गावाची नजर आहे.

भाची: पण ते दोन-चार डोह. बाकी नदीचं काय?

मामा: बाकी नदीत आपणही बिनचूक नाही. पहिला जोराचा पाऊस पडला की वलगण येते. मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून थेट भातखाचरात चढतात. ते अंडी घालायलाच चढतात. त्या रात्री बत्त्या घेऊन, पाग म्हणजे हाताने फेकायची जाळी आणि टोपल्या घेऊन गावंच्या गावं बाहेर पडतात. घरी आणलेला मासा चिरला की पोटात अंड्यांची गाभोळी. पूर्वी माणसं थोडी होती, खाचरं मोकळी होती, ओढ्यांवर बंधारे नव्हते, तेव्हा हे खपत होतं. आता नदीत मासाच कमी उरलाय.

भाची: समुद्रात तर पावसाळी बंदी आहे.

मामा: आहे, १ जून ते ३१ जुलै. कोळी बांधव ती पाळतात, त्या दोन महिन्यांची झळ सोसतात. गोड्या पाण्यातल्या माशाची वीणही पावसाळ्यातच, पण ओढ्याकाठी उभं राहून कोण कुणाला अडवणार? ते गावालाच ठरवावं लागेल. वलगणीचे पहिले चार दिवस मासे चढू द्या, मग पाग काढा, एवढा ठराव पावसाच्या आधीच्या ग्रामसभेत व्हायला हवा. तू कायदा शिकतेस ना, मग यंदा मे महिन्यात आपल्या गावच्या ग्रामसभेसाठी त्याचा मसुदा तूच लिही.