हातचा येईपर्यंत

चि. नंदिनीस,


तू पाठवलेला नऊ एकांचा वर्ग वहीत उतरवून घेतला : १२३४५६७८९८७६५४३२१. ‘मामा, कसली जादू आहे!’ असं लिहिलंस. आकडा देखणा आहेच. पण नुसती जादू म्हणून मैत्रिणींना पाठवू नकोस. आधी कागद-पेन्सिल घे.

१११ ला १११ ने गुण. एकाखाली एक तीन ओळी येतील, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा कर : १, २, ३, २, १. नऊ एक घेतले की ओळी नऊ, आणि मधल्या रकान्यात नऊच. कुठेही हातचा येत नाही, म्हणून चढउतार इतका रेखीव.

आता दहा एक घे. आठवीत असताना मी घेतले होते. मधल्या रकान्याची बेरीज दहा. शून्य मांडलं, हातचा एक. डावीकडचे नऊ आणि हातचा मिळून पुन्हा दहा. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. आपलंच चुकलं असं वाटून तीनदा गुणाकार केला. चौथ्यांदा रकाना-रकाना तपासला, तेव्हा डावीकडचा आठ सापडला : हातचा मिळून त्याचा नऊ झाला होता. त्या संध्याकाळी मी किती वेळ ते पान बघत बसलो होतो!

तुमच्या डोंबिवलीशीही तू पाठवलेल्या संख्येचं नातं आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना अशा संख्यांची कल्पना ज्या स्टेशनावर सुचली, त्याचं नाव त्यांनी त्या संख्यांना दिलं : डेम्लो. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली. गणितातली मोठी पदवी नसलेल्या या माणसावर १९७५ साली गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं.

आणखी एका ठिकाणी जपून पाऊल टाक. तू पाठवलेल्या आकड्यातल्या अंकांची बेरीज ८१, आणि त्याला ८१ ने भागही जातो. पण बेरीज ८१ आली म्हणून भाग गेला, असं समजू नकोस. बेरजेचा तो नियम तीन आणि नऊ यांच्यापुरताच. इथलं खरं कारण निराळं. मुळातल्या नऊ एकांनाच नवाने भाग जातो (ते ९ × ३७ × ३३३६६७ आहेत), म्हणून त्यांच्या वर्गाला ८१ ने. बरोबर उत्तराला चुकीचं कारण चिकटलं, की ते फार उशिरा सुटतं. परीक्षेत मार्क मिळून गेलेले असतात ना.

सुट्टीत अकरा एकांचा वर्ग हाताने कर. मोबाईलवर नको. पानाचा फोटो पाठव. हातचे खोडू नकोस, मला ते बघायचे आहेत.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा