कोरडी पिन

मिरग तोंडावर आला की बाभुळगावात ट्रॅक्टरवाल्याला उसंत नसते. नेमकं तेव्हाच आमच्या जुन्या ट्रॅक्टरखाली ताटाएवढा तेलाचा डाग दिसला, क्लच हाऊसिंगच्या बरोबर खाली. मी ठरवूनच टाकलं, आतलं सील गेलं. ट्रॅक्टर मधून सोडवून दोन भाग केले, सील बदललं. चार दिवस गेले, वखरपाळी भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली. पाचव्या दिवशी डाग पुन्हा हजर.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. तो खाली वाकला आणि म्हणाला, "भाऊ, हे पिन पाहिली काय?" हाऊसिंगच्या तळाशी एक भोक असतं, त्यात सैल पिन. आतलं सील गळलं तर तेल साचू नये, इथून बाहेर यावं. पिन हादऱ्यानं हलते म्हणून भोक बुजत नाही. आमची पिन कोरडी ठणठणीत होती! थेंब लोंबत होता चार बोटं बाजूच्या कडेला. शिवाय तेल मधाच्या रंगाचं. इंजिनचं असतं तर काळं असतं.

त्यानं सगळं डिझेलनं धुतलं, पुसून वाळवलं आणि घरातली टाल्कम पावडर मागितली. पांढऱ्या अंगानं ट्रॅक्टर अर्धा तास चालवला. पहिली ओली रेघ उमटली ती वर, हायड्रॉलिक कव्हरच्या सांध्यावर. तिथून तेल खाली उतरत कडेला यायचं. सांध्यातून तेल ढकलत होता आतला दाब, कारण ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची वाट, काळ्या मातीनं बुजला होता. भरीला माझी करणी: ट्रॉली उचललेली असताना डिपस्टिक पाहिली. तेल ट्रॉलीच्या जॅकमध्ये गेलेलं, त्यामुळं पातळी कमी दिसली, आणि मी वर दोन लिटर ओतलं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी धुवा, वाळवा, पावडर मारा. गळतीची सर्वांत वरची ओली जागा शोधा. डिपस्टिक ट्रॉली आणि लिफ्ट खाली टेकवूनच पाहा. ब्रीदर दर हंगामाला साफ करा, पाच मिनिटांचं काम आहे.

हायड्रॉलिकच्या दाबाच्या पाइपाची गळती मात्र बोटानं चाचपू नका. सुईएवढी धार कातडीत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची पाळी येते. पुठ्ठा धरून पाहा. धार लागलीच, तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठा आणि डॉक्टरला तेल आत गेल्याचं सांगा.