प्रॅक्टिकलची तयारी वॉर्डातच होते

एमडी मेडिसिनच्या लेखी पेपरांत उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी प्रॅक्टिकलला नापास होतो, तेव्हा सगळा विभाग हळहळतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या या परीक्षेत लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत स्वतंत्रपणे निम्मे गुण लागतात. पेपरांतल्या जादा गुणांनी इकडची तूट भरून निघत नाही. मी पास झाल्यावर विभागातच लेक्चरर म्हणून राहिलो आणि परीक्षेसाठी रुग्ण जमवण्याचं काम माझ्याकडे आलं. चार परीक्षक, त्यांतले दोन बाहेरचे, खाटेभोवती उभे असत आणि मी एक्स-रे, केसपेपर सांभाळत बाजूला. त्या जागेवरून जे दिसलं, तेच आज परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना सांगतोय.

एका हुशार रेसिडेंटला लाँग केस मिळाली मायट्रल स्टेनोसिसची. हिस्टरी नेटकी मांडली, आवाज स्थिर. मर्मरचं वर्णन करताना तो म्हणाला, ‘मिड-डायस्टोलिक, प्रीसिस्टोलिक ॲक्सेंच्युएशनसह.’ एक्स्टर्नल सरांनी विचारलं, ‘नाडी कशी आहे?’

‘इररेग्युलरली इररेग्युलर, सर. एट्रियल फिब्रिलेशन.’

‘एट्रियम नीट आकुंचनच पावत नाही, मग हे ॲक्सेंच्युएशन आलं कुठून?’

उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं, याचंच मला जास्त वाईट वाटलं. पुस्तकातलं अख्खं वाक्य जिभेवर बसलेलं होतं आणि ते जसंच्या तसं बाहेर पडलं. पण न ऐकलेली गोष्ट हा मुलगा सांगतो, अशी शंका एकदा परीक्षकाला आली की पुढचं सगळं अवघड होतं. लिव्हर खरंच लागलं का? जेव्हीपी कुणी दाखवली? खरे सापडलेले निष्कर्षही मग उलटतपासणीत सापडतात. तो त्या वेळी नापास झाला.

म्हणून माझं पहिलं सांगणं: ऐकलं तेवढंच बोला, आणि रोज मोठ्याने बोला. रात्री खोलीत बसून केस ‘वाचणं’ ही तयारी नव्हे. वॉर्डातला एक रुग्ण घ्या, तपासा आणि कागद न बघता सहकाऱ्यापुढे शेवटपर्यंत मांडा. त्याला मध्येच अडवायला सांगा. निदानही पूर्ण उच्चारायची सवय हवी. नुसतं ‘मायट्रल स्टेनोसिस’ म्हणून थांबू नका. कारण ऱ्हुमॅटिक, तीव्रता किती, लय कोणती, फेल्युअर आहे का, एन्डोकार्डायटिसची चिन्हं आहेत का, हे सगळं एका दमात आलं पाहिजे. तीव्रता कशावरून ठरवली, हा प्रश्न लगेच येतो. मर्मर किती लांब चालते आणि ओपनिंग स्नॅप दुसऱ्या ध्वनीच्या किती जवळ आहे, हे तुम्ही स्वतः ऐकलेलं असलं तरच तिथे उभं राहता येतं. त्यासाठी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा, श्वास सोडून थांबायला सांगा आणि स्टेथोस्कोपची बेल हलकेच टेकवा. घाईत हे वळवणंच राहून जातं.

हिस्टरीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण अर्धी केस तिथेच हातात येते. ‘रात्री किती उशा घेता?’ हे पुस्तकी झालं. आपल्या वॉर्डातल्या कित्येक बाया घरी जमिनीवर, उशीशिवाय झोपतात. त्या ‘एकही नाही’ म्हणतात आणि ऑर्थोप्निया हातचा जातो. ‘आडवं पडलं की दम लागतो का? उठून बसावं लागतं का?’ असं विचारा. ‘बाळंतपणाच्या वेळी धाप लागली होती का?’ हेही विचारा. गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो आणि तोवर गप्प असलेला स्टेनोसिस पुष्कळदा तेव्हाच पहिल्यांदा डोकं वर काढतो. आणि परीक्षेला आलेली ती मावशी सकाळपासून कितीतरी हातांखालून गेलेली असते. हात लावण्याआधी विचारा, अंग झाका, तपासून झाल्यावर उठून बसायला मदत करा. परीक्षक हे बघतात, पण त्यांनी बघितलं नसतं तरी हे करायचंच असतं.

टेबल व्हायवाला एवढंच लक्षात ठेवा: नेहमीचं कारण आधी, दुर्मीळ नंतर. तरुण माणसाच्या एका बाजूच्या प्ल्यूरल इफ्यूजनला आपल्याकडे पहिलं नाव टीबीचं. सारकॉइडोसिसने सुरुवात केलीत तर पुढचे प्रश्न सारकॉइडोसिसवरच येतील, आणि ते तुम्ही स्वतः मागून घेतलेले असतील. ईसीजी हातात आला की रेट, रिदम, ॲक्सिस हा क्रम सोडू नका, निदान पहिल्या नजरेत दिसलं तरीही. येत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ म्हणा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. अंदाजाने ठोकून दिलेल्या उत्तराला फाटे फुटतात आणि त्यातच वेळ संपतो.

परीक्षकाने भुवई उंचावून ‘नक्की?’ विचारलं की अनेकजण तत्क्षणी निदान बदलतात. तो प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारला जातो. तुम्ही जे ऐकलं त्याची खात्री असेल तर कारणासकट तेच पुन्हा सांगा. खात्री डळमळली असेल तर ‘सर, पुन्हा एकदा ऐकून सांगू का?’ असं विचारा. मी पाहिलेल्या एकाही परीक्षकाने त्याला नकार दिला नाही.